केळीच्या खांबांचा तराफा

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतली हजारभर लग्नं मी पाहिली असतील, पण त्यांतल्या एकाही लग्नात मी जेवले नाही. मुरबाडच्या बाजारपेठेमागच्या आमच्या घरात, पडदे ओढून, दोन व्हीसीआर आणि एका मिक्सरसमोर बसून मी ती पाहिली. आमचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आमचे हे कॅमेरा खांद्यावर टाकून लग्नाला जायचे, जिलेबी खाऊन यायचे, आणि मी घरी आमटी-भात खाऊन लोकांच्या पंगती बघायचे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला या धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या जिव्हारी ती लागली असती, ती माणसं आता राहिली नाहीत.

आजच्या मुलांना आधी मिक्सिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. शूटिंगची कॅसेट एका व्हीसीआरमध्ये घालायची, कोरी कॅसेट दुसऱ्यात. हवा तो तुकडा आला की इकडे प्ले आणि तिकडे रेकॉर्ड, दोन्ही बटणं एकदम दाबायची. चुकलं की मागे जाऊन पुन्हा. मधला मिक्सर म्हणजे आमची खरी दौलत. त्यातून फुलं निघायची, बदाम निघायचे, नवरा-नवरी गोल गोल फिरत एकमेकांत विरघळायची. खरा आवाज पुसून टाकायचा आणि वरून पिक्चरची गाणी चढवायची. बायका हळदीला घसा फोडून गात असायच्या आणि कॅसेटमध्ये त्यांच्या तोंडी भलतीच गायिका असायची. याचं कोणाला काही वाटत नसे.

वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्याकडे कॅसेट लावली की नवरी कोणी बघत नाही, प्रत्येक जण स्वतःला शोधतो. ज्याचं तोंड दिसलं नाही तो लग्नात नव्हताच, असा हिशेब. एका लग्नात मोठ्या काकांच्या पाठीचंच शूटिंग झालं, म्हणून दोन भाऊ एका घरात वर्षभर बोलले नव्हते. शेवटी काकांना पुन्हा फेटा बांधून, अंगणात उभं करून, अक्षता टाकायला लावल्या आणि तो तुकडा मी मंगलाष्टकांच्या मध्ये घुसवला. काका टाकतात त्या अक्षता प्रत्यक्षात कोंबड्यांनी खाल्ल्या.

एकदा शहापूरकडचे एक गृहस्थ त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. म्हणाले, “ताई, यातनं जावई काढा.”

मी म्हटलं, “काढा म्हणजे?”

“म्हंजे काढा. पोरगी परत आलीय माझी. लग्न राहू द्या, माझी आई हाय त्यात, ती आता नाय. जावई तेवढा नको.”

मी मिक्सरमधलं कमळ घेतलं आणि जिथे जिथे नवरदेवाचं तोंड येईल तिथे तिथे ते बसवत गेले. नवरीने कमळाला हार घातला. कमळाच्या मागून सप्तपदी चालली. कमळाने तिला घास भरवला. त्या गृहस्थांनी सगळी कॅसेट शांतपणे बघितली आणि म्हणाले, “आता कसं शोभतंय.” हे गादीवर लोळून हसले. मीही हसले, पण हसता हसता मला धक्का बसला होता. एक अख्खा माणूस, मिशीसकट, मी बोटाने नाहीसा केला होता आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

तपन आमच्याकडे आला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. लग्नसराईत ह्यांना एका दिवसात तीन लग्नं झेपेनात, म्हणून उल्हासनगरच्या एका मिक्सिंगवाल्याने त्याला पाठवलं. तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. कॅमेरा हातात घेतल्यावर त्याने सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर चहा प्यायच्या आत कॅमेऱ्याच्या भिंगावरची ह्यांच्या बोटांची तेलकट खूण पुसली. हे जरा चिडलेच. पण त्याने आणलेली पहिली कॅसेट मी लावली आणि बटण दाबायचंच विसरले. तेच लग्न, तोच मांडव, पण चुलीजवळ बसून भात उपसणारी बाई, दाराआड डोळे पुसणारा बाप, असं सगळं त्यात होतं. तो मला बौदी म्हणायचा. बंगालीत वहिनीला तसं म्हणतात. त्याने मला गळ घातली, “बौदी, गाना का आवाज मत निकालो. औरतों का रहने दो.” मी एका कॅसेटमध्ये बायकांची हळदीची गाणी तशीच ठेवली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. “पिक्चरचं गाणं नाय, मंग लग्न कसलं?”

तो कुठला, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “बंगाल,” तो म्हणाला. मुरबाडात सोनारकाम करणारी बंगाली पोरं होतीच. त्यांत हा एक आणखी, एवढाच विचार आम्ही केला. बंगालात माणसं राहतात आणि मासे खातात, यापलीकडे आम्हाला तरी काय ठाऊक होतं? इथे येण्याआधी त्याने पिक्चरच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या हाताखाली काम केलं होतं, एवढं त्याच्या बोलण्यात यायचं. आई नाही, म्हणाला होता. आमच्या घरात तो घरचाच झाला.

त्या काळात माळशेजच्या पायथ्याला, टोकावड्याच्या बाजूला मुंबईचे पिक्चरवाले यायचे. एका कंपनीला त्यांच्या शूटिंगचं शूटिंग हवं होतं. त्यांच्या भाषेत मेकिंग. ते काम आम्हाला मिळालं आणि हिरॉइन बघायला मिळेल म्हणून मीही गेले. गोष्ट अशी की हिरो जंगलात हरवतो आणि जंगली लोक त्याला पकडतात. त्या जंगली लोकांसाठी आसपासच्या वाड्यांतून बायका-पुरुष रोजावर आणले होते. बायका काय नटून आल्या होत्या! पिक्चरमध्ये दिसायचं म्हणून ठेवणीतली लुगडी, केसांत आबोली, हातभर बांगड्या. आणि कपडेपटाचा माणूस पोत्यातून प्लास्टिकची पानं काढत म्हणाला, “ये सब उतारो. ये पहनो.” शेजारी एक जण बादलीत काळा रंग कालवत होता. तो त्यांच्या अंगाला फासायचा होता.

तिथे मी ठमाबाईला पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीची, उंच, ताठ बाई. धरणग्रस्तांचं एक गाव मुरबाड-शहापूर रस्त्याला नव्याने वसवलं होतं, तिथली. तिने एक पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “आमी माणसं हाव का झाडं, रे?”

कोणीतरी हसत हसत त्याचं हिंदी करून सांगितलं. डायरेक्टरचा मदतनीस म्हणाला, “माँजी, असली जंगली दिखना चाहिए. पब्लिक को यही मंगता है.”

मला कानफटात बसल्यासारखं झालं. कारण ती पब्लिक म्हणजे मी होते. असले नाच मी शेंगदाणे खात बघितले होते आणि अशी माणसं कुठेतरी असतील असं समजले होते. ती इथे, माझ्याच तालुक्यात, आबोली माळून उभी होती. काही बायकांनी पानं नेसली. रोज बुडवणं परवडणारं नव्हतं, त्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. ठमाबाईने पान पोत्यात परत टाकलं आणि ती रस्त्याकडे चालू लागली. तपनने भिंगावर टोपण घातलं. मदतनीस ओरडला तेव्हा म्हणाला, “बॅटरी डाउन.” बॅटरी चांगली होती, मीच सकाळी चार्ज केली होती.

परतीच्या जीपमध्ये ठमाबाई आमच्याच शेजारी होती. तपनने तिला आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, “माई, तुमी पिक्चर करेल तर काय घालून करेल?”

“हेच. लुगडा. आनि आमच्या गावाचा करंल.”

“कुठे आहे गाव?”

“पान्यात हाय,” ठमाबाई म्हणाली. “धरनाच्या पान्यात. घर, देऊळ, चिंच, सगला खाली हाय.”

तपन घर येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बौदी, बारिश में शादी नहीं होती. कॅमेरा घर पे ही रहता है ना?”

त्या चातुर्मासात आम्ही पिक्चर केला. जुन्या कॅसेट पुसून वापरल्या. नट म्हणजे ठमाबाईचं गाव, जागा म्हणजे धरणाचा काठ. तपनने सांगितलेली गोष्ट साधी होती. गाव पाण्यात जातं. आई आणि मुलगा गाव सोडतात. पण देव्हाऱ्यातले टाक घाईत घरातच राहिलेले असतात. ते आणायला दोघं अंधारात तराफ्यावरून निघतात आणि पलीकडे चौकीदार असतो. गावाला ती गोष्ट लगेच पटली, कारण धरण भरत होतं तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण असेच दाराच्या चौकटी आणायला परत गेले होते आणि चौकीदाराने हाकलले होते. ठमाबाई आई झाली. गावातला एक तरुण तिचा मुलगा झाला. चौकीदार व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा हे खाकी शर्ट घालून उभे राहिले. शर्टाची दोन बटणं लागत नव्हती.

दोन गोष्टींवरून मात्र वाद झाला. तराफा केळीच्या खांबांचाच हवा, असं तपन म्हणाला. गाव हसलं. “अरे, केळीचा खांब सत्यनारायणाला बांधतात. पान्यात आमी टायरची ट्यूब घेऊन जातो, नाय तर बांबू.” तपन ऐकेना. त्याने स्वतः केळीचे खांब जोडले, त्यातून बांबूच्या खुंट्या आरपार ठोकल्या, आणि तो तराफा दोन माणसं घेऊन असा सहज तरंगला की सगळे गप्प झाले. दुसरा वाद बंदुकीचा. “चौकीदाराच्या हातात काठी असते, बंदूक कुठली?” पण तपन म्हणाला, बंदूक पाहिजे, आणि ती उडाली पाहिजे. शेवटी गाव म्हणालं, पिक्चर आहे, चालतंय. सुताराकडून लाकडी बंदूक करून आणली, बार फटाक्याचा काढला.

गोळी लागून आई पाण्यात पडते, तो तुकडा त्याने पुन्हा पुन्हा घेतला. ठमाबाई जुन्या गावच्या नदीत पोहत वाढलेली, ती न कुरकुरता पडायची. एकदा मात्र पदर पिळत म्हणाली, “किती येला मारशील रे मला?” तपनने कॅमेरा खाली ठेवला आणि काठाकाठाने लांब चालत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. पावसात भिजून ताप आला असेल, असं मी समजले.

संध्याकाळच्या उजेडात घेतलेलं सगळं मी मिक्सरवर निळं करून त्याची रात्र केली. आवाज मात्र एकही पुसला नाही. तपन मागे उभा राहून बघायचा.

दिवाळीनंतर गावाने पिक्चर दाखवायचं ठरवलं. शाळेच्या व्हरांड्यात टीव्ही मांडला, समोर अंगणात माणसं बसली. आणि आमच्या भागाची रीत अशी की कोणाचं चांगलं केलं की त्याचा सत्कार झालाच पाहिजे. शाल, श्रीफळ, हार आणि प्रमुख पाहुणा. तपन नको नको म्हणत होता. गावाने त्याच्यासाठी प्रमुख पाहुणाही असा शोधला होता की त्याला आनंदाचा धक्का बसावा. ठमाबाईचा मुलगा नामदेव फौजेत होता, नुकताच सुट्टीवर आला होता. आणि त्याची नोकरी कुठे? तर बंगालच्या सीमेवर. “तो पन तिकडचा, हा पन तिकडचा, दोगांचा जमंल,” असा सगळ्यांचा विचार. यात काही गैर आहे असं एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

ठमाबाईने लेकाला वर्दी घालायला लावली होती. तो अंगणात आला आणि तपन माझ्या कानाशी पुटपुटला, “बौदी, मी जातो.” तोवर ह्यांनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलंही होतं.

मी व्हीसीआरजवळ बसले होते, म्हणजे टीव्हीच्या शेजारी आणि लोकांकडे तोंड करून. पिक्चर मला पाठ होता, मी माणसं बघत होते. हे चौकीदार होऊन आले तशी हशा आणि शिट्ट्या. नामदेवही खळखळून हसला. मग तराफा आला. नामदेवचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तो पुढे वाकला. पडद्यावर हाक आली, बंदूक उडाली, ठमाबाई पाण्यात पडली. पोरं ओरडली, “ठमाय मेली, ठमाय मेली!” बायका हसल्या, ठमाबाईने लाजून पदरात तोंड लपवलं. आणि त्या हसणाऱ्या अंगणात वर्दीतला नामदेव एकटाच उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राखेसारखा झाला होता.

पिक्चर संपला. टाळ्या थांबेनात. सरपंचांनी नामदेवच्या हातात शाल दिली, तपनला पुढे ओढलं आणि माइकवर म्हणाले, “नामदेव, जरा बंगालीत बोला दोगं. आमाला पन ऐकू द्या.”

अंगण गप्प झालं. नामदेव तपनच्या अगदी जवळ गेला. “कोन नोदी?” त्याने विचारलं.

कोणती नदी, एवढं मलाही कळलं. तपनची नजर त्याच्या वर्दीवर होती. मग तो म्हणाला, “महानंदा.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपला नामदेव बंगाली बोलला, याचं त्यांना कोण कौतुक! ठमाबाई शेजारणीला म्हणत होती, “बग, कसा फाड फाड बोलतो.” नामदेवने तपनच्या खांद्यावर शाल घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव आमच्या घरी आला. साध्या कपड्यांत होता. हे कल्याणला गेले होते, तपन आणि मी मिक्सिंगच्या खोलीत होतो. “वैनी, दार लावून घ्या,” तो म्हणाला. मी कडी घातली. रात्रभर तपनने मला काही सांगितलं नव्हतं, पण एवढं मला समजलं होतं की हा माणूस त्याला घेऊन जाऊ शकतो.

नामदेव स्टुलावर बसला. तपनकडे न बघता माझ्याशी बोलू लागला.

“केलीचा तराफा आपल्याकडं कोण करत नाय, वैनी. शिवेपल्याड करतात, रातचं चोरून इकडं यायला. हा तिकडचा हाय. मी काल बगताच वलखला.”

मी समोरचा टीव्ही बंद केला.

“मी इछामतीवर होतो. नदी हाय तिकडं, अर्धी त्यांची, अर्धी आपली. एक दिवस काळोखात पान्यावर काय तरी हललं. हाक मारली, थांबला नाय. दुसरी मारली. मंग मी गोली घातली. तराफ्यावर दोगं होती. एक पडलं. बाई का बाप्या, म्हातारा का पोर, काय दिसला नाय. सकाळी काठाला केलीचे खांब तेवडे लागलेले. मी कोनाला बोललो नाय. आयला पन नाय.”

त्याने दोन्ही तळहात मांडीवर घासले.

“जे पडला त्याला इतकी वर्सं तोंडच नव्हता, वैनी. म्हनून निभावत होता. काल त्याला माज्या आयचा तोंड लागला.”

तो पडद्यावरचा तुकडा मीच जोडला होता, ठमाबाईचा चेहरा नीट दिसावा म्हणून मीच तो तुकडा लांबवला होता.

मग नामदेव पहिल्यांदा तपनकडे वळला. “तुजी आय?”

तपनने होकारार्थी मान हलवली.

“पन महानंदावर ना?” नामदेव म्हणाला. “काल तू महानंदा बोलला तवा माजा जीव भांड्यात पडला. ती लई वरती हाय, उत्तरेला. मी तिकडं कदी नव्हतो.”

तपन त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हां. महानंदा.”

नामदेवने डोळे पुसले. उठताना म्हणाला, “मी कोनाला सांगनार नाय. पन तू हितनं जा. तुजा पिक्चर गावोगाव बगतील. माज्यासारका अजून कोन तरी सुट्टीवर येल.”

तो गेल्यावर मी तपनवर ओरडले. का ओरडले ते आता सांगता येत नाही, पण ओरडले. माझ्या घरात राहतोस, माझ्या हातचं खातोस, आणि मला सांगितलं नाहीस? तो ऐकून घेत होता. म्हणाला, “बौदी, आपने पूछा, कहाँ का. मैं बोला बंगाल. फिर किसी ने पूछा नहीं.” ते खरंच होतं. माझा राग तिथेच गळून पडला.

त्याने सांगितलं की नदीने त्यांचं गाव खाल्लं. दर वर्षी काठ कोसळायचा, शेवटी घरही गेलं. आईला घेऊन तो निघाला. पलीकडच्या काठाला तो एकटा लागला.

मग तो म्हणाला, “महानंदा मैंने कभी देखी नहीं, बौदी. स्टेज पे वर्दी देखी, घबरा गया. जो नाम मुँह में आया, बोल दिया.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “मग कोणती?”

“इछामती.”

नदी मोठी असते, मी म्हटलं. घाट कितीतरी असतात, पहारेकरी कितीतरी असतात.

“हां,” तो म्हणाला, “बहुत बड़ी है.”

“आणि तू आत्ता त्याच्यासमोर पुन्हा महानंदाच म्हणालास.”

तपन मिक्सरच्या वायरी गुंडाळत होता, जणू संध्याकाळी लग्न आहे. “वो ठमामाई का बेटा है,” तो म्हणाला.

त्याच दुपारी तो कल्याणच्या जीपमध्ये बसून गेला. कॅसेट घे म्हटलं तर घेतली नाही. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. कुठे पकडला गेला, परत गेला, की कुठल्या दुसऱ्या गावात कोणाची लग्नं काढत राहिला, मला माहीत नाही. ह्यांना मी अर्धंच सांगितलं. नदीचं नाव कोणालाच सांगितलं नाही.

पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला आणि आमचं दुकान बंद झालं. नामदेव पेन्शनीत निघून गावी आला आणि त्याने आईचं सगळं केलं. ती गेली तेव्हा फोटोला हार घालायचा होता, पण घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्या पिढीतल्या बायकांचे फोटो कोण काढत होतं? तो माझ्याकडे आला. मी कॅसेट लावली, चित्र थांबवून थांबवून टीव्हीवरून फोटो काढता येतो, तसे काढून दिले. गावात शूटिंग होतं ते तेवढंच.

अधूनमधून बाजारात भेटला की नामदेव इकडचं तिकडचं बोलायचा आणि जाताना विचारायचा, “वैनी, तो तपन. महानंदावाला ना?” मी म्हणायचे, हो, महानंदावाला.

यंदा शिमग्याच्या आधी तो फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. बोलताना दम लागत होता. त्याची सून बाहेर गेल्यावर त्याने माझा हात धरला.

“वैनी, ती नदी...”

“महानंदा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

त्याने डोळे मिटले. त्याच्या उशाच्या भिंतीवर ठमाबाईचा फोटो होता, जरा रेघा पडलेला, निळसर. केळीच्या तराफ्यावर बसलेली, अंगावर चौकीदाराच्या बॅटरीचा उजेड पडलाय, हाक ऐकून तिने नुकतंच वर बघितलंय. चुलीपुढचा, चिंचेखालचा, हसरा, असे दुसरेही मी त्याला काढून दिले होते. त्याने हाच लावला होता.